चार रिकाम्या जागा

अशी कल्पना करा की तुम्ही चालत्या बसमध्ये उलटे उभे आहात. खाली डोकं वर पाय असे नव्हे; ड्रायव्हरकडे पाठ आणि एक्केचाळीस माणसांकडे तोंड करून. एका हातात माईक, दुसऱ्या हाताने वरचा दांडा. बस कुठे वळणार, कुठे ब्रेक लागणार हे तुम्हाला दिसत नाही, ते पायांनी ओळखायचं. डावीकडे जुनी वेस आली की तुम्ही म्हणायचं, "डावीकडे बघा," आणि हात मात्र स्वतःचा उजवा वर करायचा. साडेचार तासांत सात ठिकाणं दाखवायची. राजा कसा गादीवर बसला आणि कसा मेला, हे असं सांगायचं की जणू तुम्हालाही आत्ताच कळलंय. दुपारी दोन वाजता हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता हे एकवीस वर्षं करा.

जुन्या राजधानीतल्या त्या बसकंपनीत सगळे तिला ताई म्हणत. ड्रायव्हर मंडळी मात्र राणीसाहेब म्हणत, कारण माईकवर ती दिवसाकाठी चाळीस-पन्नास वेळा तरी "राणीसाहेब" म्हणायची. वय चौपन्न. डावा-उजवा हात इतका उलटा झालेला की घरी पाहुण्यांना रस्ता सांगायला नवरा तिला फोनच देत नसे. "हिचं ऐकाल तर थेट तळ्यात जाल," असं तो पाहुण्यांना बजावायचा.

नवरा शिंपी. दिवसभर मशीनवर बसून त्याचे डोळे गेले होते आणि दिवसभर उभं राहून हिचे गुडघे. "तुझे डोळे आणि माझे गुडघे काढून टाकले तर दोघांत मिळून एक धड माणूस होईल," असं ती म्हणाली की तो सुईत दोरा ओवायला तिच्याकडे द्यायचा आणि गरम पाण्याची पिशवी भरायला उठायचा.

"आज राजा किती वेळा मेला?" तो विचारायचा.

"दोनदा. दुपारी जरा घाईतच मेला. ट्रॅफिक होतं."

ती हसायची, पण खरं सांगायचं तर तिला त्या राजाचा कंटाळा आला होता. राजवाड्याच्या एकशे सहा पायऱ्यांचा आला होता. "इथे बाथरूम कुठे आहे" या प्रश्नाचा तर वीट आला होता. शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडत आणि तेवढ्या वेळात ती मनात भाजीचा विचार करायची. एकदा तर दरबारात सिंहासनासमोर उभं राहून "या ठिकाणी महाराज" म्हणताना पुढचं वाक्यच आठवेना. दोन क्षण गेले असतील. लोकांना वाटलं, ताई भारावल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

या सगळ्यातून सुटायची एक वाट दिसत होती. राजवाड्याच्या दारातल्या तिकीटखिडकीवर कंपनीचाच एक माणूस बसत असे. तो एक तारखेला निवृत्त होणार होता. आत एक खुर्ची, एक पंखा, पायाखाली लाकडी पाट. ताईने अर्ज केला होता. साहेबांनी अर्जाकडे बघून तक्रारींचं कपाट उघडलं होतं.

"तुमच्या नावावर गेल्या वर्षभरात एक तक्रार आहे."

"साहेब, त्या माणसाला तोफेवर बसून फोटो हवा होता. मी उतरवलं."

"ते असेल हो. पण नियम असा की खिडकीवर जाणाऱ्या माणसाची वर्षभरात एकच तक्रार चालते, दुसरी नाही. तारखेपर्यंत सांभाळा. मग खुर्ची तुमची."

त्या दिवशी सकाळी तारखेला अकरा दिवस उरले होते. नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या, कपडा बेततात तशा.

आता ताईची एक पद्धत सांगायला हवी, कारण घोडं तिथेच अडलं. प्रत्येक ठिकाणाहून निघताना गाईडने माणसं मोजायची असतात. नवे गाईड एकेक डोकं मोजतात. मग कुणी वाकून बूट बांधत असतं, कुणाच्या मांडीवरचं मूल एकदा मोजलं जातं, एकदा सुटतं, आणि बस दहा मिनिटं जागची हलत नाही. ताईने फार वर्षांपूर्वी एक युक्ती काढली होती. माणसं मोजायचीच नाहीत, रिकाम्या जागा मोजायच्या. बसमध्ये पंचेचाळीस जागा, माणसं एक्केचाळीस, म्हणजे चार रिकाम्या. एका नजरेत काम. सकाळी जिथे बसलो तिथेच बसायचं, ही माणसाची सवय तिला पाठ होती. ही युक्ती तिने कंपनीतल्या प्रत्येक नव्या गाईडला शिकवली होती. दोन नंबरच्या बसवरचा पोरगेला गाईडही तिच्याच हाताखाली तयार झालेला. तो माईक कधीच खाली ठेवत नसे, चहा पितानाही नाही, म्हणून त्याचं नावच माईक पडलं होतं.

दोन्ही बस निळ्या. एक नंबर आधी सुटायची, अर्ध्या तासाने दोन नंबर. पुढच्या काचेत तळहाताएवढी पाटी, तिच्यावर आकडा. एवढाच काय तो फरक.

वेस झाली, राजवाडा झाला, तिसरं ठिकाण दरबार. तो चढावर आहे आणि बस खालीच थांबवावी लागते. ताई लोकांना घेऊन वर गेली, चाळीस मिनिटांत खाली आली. तोवर माईकची बस येऊन लागली होती आणि त्याची माणसं वर जात होती.

"काय राणीसाहेब, कशी आहे प्रजा?" त्याने जाता जाता विचारलं.

"प्रजा उन्हाने बेजार आहे. तू बोलताना जरा श्वास घेत जा, वरपर्यंत ऐकू येतंय."

गुडघा त्या दिवशी फारच ठणकत होता. एरवी ती जागा मोजताना बसच्या टोकापर्यंत एक चक्कर मारायची. त्या दिवशी पुढच्या पायरीवरूनच मान उंच केली. मागच्या ओळीत दोन, मध्ये एक, दाराजवळ एक. चार. "चला हो दादा," ती ड्रायव्हरला म्हणाली आणि बस निघाली.

चौथं ठिकाण म्हणजे राजघराण्याची थडगी. मोकळं मैदान, दगडी ओटे, सावली अगदी जेमतेम. ताईने नेहमीचं सगळं सांगितलं. मोठं थडगं राजाचं, शेजारचं थोरल्या राणीचं, आणि ते कोपऱ्यातलं, नाव पुसलेलं, कुणाचं ते नक्की माहीत नाही. मग लोक फोटो काढायला पांगले आणि ती ओट्याच्या कडेला टेकून उभी राहिली.

तिथे एक आजी बसल्या होत्या. राखाडी स्वेटर, पायात कापडी बूट, मांडीवर छोटी पिशवी.

"तुम्हीपण बसा की," आजी म्हणाल्या. "यांच्यावर काय लक्ष ठेवायचं? ही मंडळी कुठे उठून जात नाहीत."

ताईला हसू फुटलं. एकवीस वर्षांत थडग्यांवर तिला हसवणारं कुणी भेटलं नव्हतं. ती बसली. फेरीच्या मध्ये बसायचं नाही हा तिचा स्वतःचाच नियम होता, कारण एकदा बसलं की उठताना डोळ्यांपुढे तारे चमकत.

"कोपऱ्यातलं ते कुणाचं, खरंच माहीत नाही?"

"नाही हो."

"मग काहीतरी ठोकून द्यायचं. लोकांना काय कळतंय."

"पूर्वी द्यायचे," ताई म्हणाली. "धाकटी राणी म्हणायचे, रुसून गेलेली. आता तेवढंही बोलवत नाही."

आजींनी मान हलवली. "माझंही तसंच होतं. घरी सगळे विचारतात, गप्प का? आता काय सांगायचं? सगळं सांगून झालंय."

मग सवयीने ताईने विचारलं, "कुणाबरोबर आलात?"

"मुलगा, सून, नात."

"दिसत नाहीत ते?"

"असतील कुठेतरी फोटो काढत," आजी म्हणाल्या आणि पाय लांब करून बसल्या.

पंचवीस मिनिटं होत आली तसा ताईचा फोन वाजला. माईक होता, आणि प्रथमच त्याचा आवाज बारीक येत होता.

"राणीसाहेब, तुमच्याकडे एक आजी जास्त आहेत का?"

"जास्त कशा असतील? माझी एक्केचाळीस पूर्ण आहेत. मोजलीत मी."

"माझ्या एक कमी आहेत. पायऱ्या नको म्हणून खालीच थांबल्या होत्या. आम्ही खाली आलो तर नाहीत. बाग शोधली, बाथरूम शोधलं, तळघरात चौकीदार पाठवला. मुलगा माझा गळा धरायचाच बाकी आहे." मग त्याने श्वास घेतला. "आणि ताई, आजी नाही सापडल्या, पण बागेत झाडाखाली एक माणूस सापडला. बॅग उशाशी घेऊन घोरत होता. तुमच्या बसचा आहे म्हणतोय."

ताईने मान वळवली. राखाडी स्वेटर शेजारीच होता.

तेवीस नंबरची खिडकी. एकटाच आलेला फिरता विक्रेता, सकाळपासून पेंगणारा. तो उठला नाही, त्याच्या जागी आजी बसल्या, आणि रिकाम्या जागा चारच्या चार राहिल्या. हिशेब चोख, माणसं भलतीच. एकट्या माणसाची आठवण करायला शेजारी कुणी नव्हतं. होती ती एक ताईच, आणि तिने पायरीवरून मान उंच केली होती.

"आजींना स्वेटर राखाडी आहे का?" तिने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"हो! आहेत का? अहो, आहेत!" माईक मागे वळून ओरडला आणि पलीकडे गलका झाला. "आम्ही तिकडेच येतोय. हलू नका."

फोन ठेवून ताई तशीच बसून राहिली. रडू आलं नाही, रागही आला नाही. फक्त अंगातलं उरलंसुरलं बळ कुणीतरी बूच काढून सोडून दिल्यासारखं झालं. अकरा दिवस. एकवीस वर्षांतले अकरा दिवस तेवढे निभवायचे होते.

"आजी," ती म्हणाली, "ही तुमची बस नाही. तुमची मागची होती. दोन नंबर."

"हो का?" आजी म्हणाल्या. घाबरल्या नाहीत की दचकल्या नाहीत. "दोन्ही निळ्याच की हो."

"तुमचा मुलगा येतोय. फार घाबरलाय."

"तो घाबरतोच. लहानपणापासून." मग ताईच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमचं काय आता?"

ताईने सांगायला नको होतं. प्रवाशाला घरची गाऱ्हाणी सांगायची नाहीत हे ती स्वतःच नव्या पोरांना शिकवायची. पण ती इतकी थकली होती की तोंड आवरायचे श्रमही नकोसे वाटले. तिने सांगून टाकलं. खिडकी, खुर्ची, तक्रार, अकरा दिवस. आजींनी ऐकून घेतलं. "अरेरे" म्हणाल्या नाहीत.

इकडे बाकीची माणसं कुरकुरायला लागली होती. "अहो ताई, अजून किती वेळ थडगी बघायची?" एकाने विचारलं. "आम्हालाही इथेच ठेवून जायचा विचार आहे का?"

ड्रायव्हरने सगळ्यांना पाणी वाटलं. वीस मिनिटांनी दुसरी निळी बस धुरळा उडवत आली आणि पुरती थांबायच्या आधीच मुलगा उतरला. चाळिशीचा, घामाघूम, हातात आईचा फोन.

"आई! अगं काय हे! पोलिसांना फोन करायला निघालो होतो आम्ही!" मग तो ताईकडे वळला. "तुम्ही गाईड ना? तुम्हाला मोजता येत नाही? सत्तर वर्षांची बाई दुसऱ्याच्या बसमध्ये चढते आणि तुम्हाला पत्ता नाही? तक्रारवही कुठे आहे?"

"गाडीत आहे," ताई म्हणाली. मागितली की वही द्यावीच लागते. पानांवर छापील आकडे असतात, फाडता येत नाहीत. तिने स्वतः जाऊन ड्रायव्हरच्या सीटखालून वही काढली, पेनही दिलं. मागोमाग दोन नंबरमधून फिरता विक्रेता उतरला, कपाळावर गवताचे वळ. "माझं काही म्हणणं नाही हं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तीन महिन्यांत अशी झोप लागली नव्हती." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मुलाने ओट्यावर वही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली.

"आण इकडे," आजी म्हणाल्या.

"आई, तू थांब."

"हरवले कोण? मी. मग लिहिणार कोण? मी. आण." त्यांनी वही ओढून घेतली आणि हात लांब करून धरली. "सूनबाई, माझा चष्मा दे ग. तुझ्या पर्समध्येच राहिलाय सकाळपासून."

सुनेने चष्मा दिला. आजी सावकाश लिहू लागल्या. मुलगा खांद्यावरून वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा चेहरा बदलत गेला.

"हे काय लिहितेस? तू मुद्दाम चढलीस?"

"हो."

"आमची बस सोडून?"

"पाटी वाचली आणि चढले. तिथे खिडकी रिकामी होती. तुमच्या बसमध्ये मला मधली जागा दिली होती तुम्ही."

"अगं, मागितली असतीस तर दिली असती की खिडकी!"

"मागायची?" आजी म्हणाल्या. मुलगा आईकडे, मग थडग्यांकडे, मग स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. नातीने हळूच आजीचा हात धरला.

वही बंद करून आजींनी ती ताईच्या हातात दिली. पेनही दिलं. "येते," म्हणाल्या आणि दोन नंबरच्या बसमध्ये चढल्या. मुलाने त्यांना खिडकीजवळ बसवलं. ताईला काही विचारायचं होतं, पण बाकीची माणसं ओरडत होती, शस्त्रागार अजून व्हायचं होतं, घड्याळाचा मनोरा व्हायचा होता, तळं व्हायचं होतं. ती माईक हातात घेऊन उलटी उभी राहिली. "डावीकडे बघा," म्हणाली. या खेपेला मात्र तिने टोकापर्यंत जाऊन एकेक चेहरा मोजला होता.

संध्याकाळी साहेबांनी वही उघडली. आजींचं अक्षर मोठं आणि सरळ होतं. मी बस समजून-उमजून बदलली. गाईडताईंचा यात काही दोष नाही. थडग्यांजवळ म्हाताऱ्या माणसांना बसायला ओट्याशिवाय काही नाही, तिथे एक बाक ठेवावा.

साहेबांनी दोनदा वाचलं. "ही तक्रार तर बाकाची आहे," ते म्हणाले. "तुमच्या नावावर कशी धरू?"

"साहेब, माझा एक माणूस मागे राहिला होता. तो मीच सोडला."

"त्याने लिहिलंय का काही?"

"नाही."

"मग झालं तर. तुम्ही कशाला पायावर धोंडा मारून घेताय?" त्यांनी वही कपाटात टाकली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकलं, मशीन थांबवून. "वाचलीस," तो म्हणाला. "बाई देवासारखी भेटली."

"म्हणजे ती खोटं बोलली?"

"मला काय माहीत? खोटं असो, खरं असो, खुर्ची तर मिळाली."

दुसऱ्या दिवशी ताईने माईकला बाजूला घेतलं. "ती रिकाम्या जागांची युक्ती सोड. चेहरे मोज."

"वेळ जातो हो, ताई."

"जाऊ दे."

उरलेले दिवस सरले. आता ती तिकीटखिडकीत बसते. गुडघे जरा बरे आहेत, पाठ मात्र नव्याने दुखायला लागली आहे. "बसून बसून माझ्या लाइनीला आलीस," असं म्हणून नवरा पाण्याची पिशवी आता पाठीला लावतो. खिडकी उंचीला बेताची, तिच्यातून लोकांचे हात आणि शर्टाची बटणं दिसतात, चेहरे क्वचितच. दिवस लांब जातो. बारानंतर गर्दी ओसरली की ती त्या तासाभराची उलटतपासणी करत बसते.

चष्मा सुनेच्या पर्समध्ये होता. मग पाटी वाचली कशी? पण आकडा केवढा, तळहाताएवढा. तो चष्म्याशिवायही दिसला असेल. "असतील कुठेतरी फोटो काढत," असं त्या म्हणाल्या, म्हणजे बस आपलीच आहे असं त्यांना वाटत असणार. पण मग पंचवीस मिनिटांत एकदाही त्यांनी मान वळवून पाहिलं नाही, नातीला हाक मारली नाही. बस वेगळी आहे असं सांगितल्यावर दचकल्याही नाहीत. आणि मुद्दाम चढल्याचं त्यांनी लिहिलं ते केव्हा, तर ताईने स्वतःचं गाऱ्हाणं सांगितल्यावर. खरंच चुकून चढल्या असतील, तर एका अनोळखी बाईच्या खुर्चीसाठी त्यांनी भरल्या माणसांत मुलाला दुखावलं. आणि मुद्दाम चढल्या असतील, तर ते दुखणं आधीचंच होतं आणि ताई त्यांचं काहीच देणं लागत नाही. यातलं कोणतं खरं, ते कळल्याशिवाय तिला खुर्चीत नीट टेकून बसवत नाही.

राखाडी बाही दिसली की तिकीट फाडता फाडता ती खाली वाकते, खिडकीतून वर चेहऱ्याकडे बघते. अजून तरी त्या आलेल्या नाहीत. आल्याच, तर विचारायचं काय ते तिने ठरवून ठेवलंय. आजी, रागावू नका, पण त्या दिवशी तुम्ही बस बदलली होती, की तुमची बस चुकली होती?